चार पेन्सचं पुस्तक आणि आपलं मैदान

जानेवारी 1908 मध्ये इंग्लंडमध्ये एक पातळ पुस्तिका विक्रीला आली. किंमत चार पेन्स. दर पंधरा दिवसांनी पुढचा भाग, असे एकूण सहा भाग. नाव ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ आणि लेखक ब्रिटिश लष्करातले जनरल रॉबर्ट बेडन-पॉवेल. शेकोटी कशी पेटवायची, माग कसा काढायचा, गाठ कशी मारायची, दिशा कशी ओळखायची, बुडणाऱ्याला कसं वाचवायचं, हे या पुस्तिकेत थेट मुलांनाच सांगितलं होतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे पुस्तक कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्या हाताखालून आपण सगळे गेलो आहोत. शनिवारचा स्काउट-गाइडचा तास आठवा. मुलांची खाकी, मुलींचा निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ आणि वॉगल, तीन बोटांचा सॅल्यूट, डाव्या हाताने हस्तांदोलन, रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच. शिवाय ‘खरी कमाई’चं ते कार्ड. शेजारच्या काकूंचं अंगण झाडून दिलं की त्यावर केलेलं काम आणि मिळालेले रुपये लिहून सही घ्यायची. या सगळ्याचं मूळ त्या चार पेन्सच्या पुस्तिकेतून सुरू झालेल्या चळवळीत आहे.

आपल्या बॅचने यंदा शाळेतल्या पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी मैदानावरच्या आणि आसपासच्या परिसरातल्या उपक्रमांची एक पुस्तिका करून द्यायचं ठरवलं आहे. त्या कामाला बसण्याआधी अशा पुस्तकांचं पुढे काय होतं ते पाहावं, म्हणून मी हा इतिहास वाचत गेले. वाचता वाचता एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलंच नव्हतं, अशाच मुलांनी ते उचललं. प्रत्येक वेळी मोठ्यांनी आधी नको म्हटलं आणि नंतर दार उघडलं.

सुरुवातीलाच हे घडलं. बेडन-पॉवेल यांनी 1899 मध्ये ‘एड्स टु स्काउटिंग’ नावाचं छोटं पुस्तक लिहिलं होतं. ते होतं सैनिकांसाठी. शत्रूच्या मुलखात टेहळणी कशी करावी, खुणा कशा वाचाव्यात, हा त्याचा विषय. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं आणि माफेकिंग या गावात ते सैन्यासह अडकले. वेढा 217 दिवस चालला. या काळात गावातल्या गोऱ्या मुलांचं एक पथक निरोप पोहोचवायचं आणि पहाऱ्याच्या कामात मदत करायचं. मुलांवर जबाबदारी टाकली तर ती पेलतात, हे बेडन-पॉवेल यांनी तिथे पाहिलं. त्याच गावातल्या कृष्णवर्णीय रहिवाशांच्या वाट्याला मात्र शिधा फार कमी आला आणि उपासमार जास्त. पुढे जगभरच्या मुलांना बंधुभाव शिकवणाऱ्या चळवळीचं एक मूळ अशा जागी आहे, हे विसरून चालत नाही.

वेढा उठला तेव्हा बेडन-पॉवेल इंग्लंडचे लाडके वीर झाले होते. 1903 मध्ये ते मायदेशी परतले, तर त्यांचं सैनिकांसाठीचं पुस्तक चक्क शिक्षक वापरत होते. शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाई अँबलसाइड इथे शिक्षिका तयार करणारं विद्यालय चालवत. मुलांना निसर्गात नेऊन निरीक्षण शिकवावं, असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी हे लष्करी पुस्तक आपल्या विद्यार्थिनींच्या अभ्यासाला लावलं होतं. म्हणजे बंदुका बाळगणाऱ्यांसाठीचं पुस्तक मुलांसाठी पहिल्यांदा वापरलं ते शिकवणाऱ्या बायकांनी. आपल्या शाळेतल्या बाईंना हे वाचून बरं वाटेल!

1904 मध्ये ग्लासगोला ‘बॉइज ब्रिगेड’ या मुलांच्या संघटनेच्या संचलनाला बेडन-पॉवेल पाहुणे म्हणून गेले. तिचे संस्थापक विल्यम स्मिथ यांनी त्यांना सुचवलं की ते पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहा. काळही तसाच होता. बोअर युद्धात भरतीसाठी आलेली कितीतरी तरुण पोरं शरीराने अशक्त निघाली होती आणि शहरांतल्या मुलांचं काय होणार, या चिंतेने सरकारने समिती नेमली होती. साम्राज्याला धडधाकट नागरिक हवे होते. पुस्तकामागची ही प्रेरणा लपलेली नाही. त्याच्या पानापानावर साम्राज्य आहे आणि त्या काळचे पूर्वग्रहही आहेत.

मग त्यात टिकण्यासारखं काय होतं? माझ्या मते, ते ज्या पद्धतीने तयार झालं ती पद्धत.

पहिली गोष्ट, त्यांनी दुसऱ्यांचं भरपूर वाचलं. अमेरिकेत अर्नेस्ट थॉम्सन सेटन या निसर्गलेखकाने 1902 पासून मुलांचे रानातले गट चालवले होते. 1906 मध्ये त्याने आपली पुस्तिका बेडन-पॉवेल यांना पाठवली. तिच्यातल्या खेळांची आणि कल्पनांची छाया ‘स्काउटिंग फॉर बॉइज’वर पडली. आपल्याला पुरेसं श्रेय मिळालं नाही, ही सेटनची तक्रार पुढे कायम राहिली.

दुसरी गोष्ट, छापण्याआधी त्यांनी सगळं मुलांवर करून पाहिलं. ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर साधारण वीस मुलांचं शिबिर भरलं. निम्मी मुलं ईटन, हॅरो अशा श्रीमंतांच्या शाळांतली, तर बाकीची पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या बॉइज ब्रिगेडची, कष्टकरी घरांतली. फी दोघांना वेगळी होती. पहिल्यांना एक पौंड, दुसऱ्यांना साडेतीन शिलिंग. पण तंबूत गेल्यावर हा फरक संपायचा. मुलांचे चार मिश्र संघ केले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी. प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. सकाळी कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाचं शिंग फुंकून सगळ्यांना उठवायचं. मग एक दिवस निरीक्षणाचा, एक रानातल्या कौशल्यांचा, एक जीव वाचवण्याचा, असा आठवडा गेला. मी ज्या धंद्यात आहे तिथे नवं सॉफ्टवेअर बाजारात आणण्याआधी थोड्या लोकांच्या हाती देऊन पाहतात. ब्राउनसी म्हणजे तेच. वापरणारा कुठे अडखळतो, ते त्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या पुस्तकातल्या कसोट्या अशा आहेत, की आपण पास झालो की नाही ते मुलाला स्वतःलाच कळतं. दुसऱ्या श्रेणीचा स्काउट व्हायचं असेल तर दोनपेक्षा जास्त काड्या न वापरता शेकोटी पेटवायची. त्या शेकोटीवर पाव पौंड मांस आणि दोन बटाटे शिजवायचे. थोडं पळत, थोडं चालत एक मैल बारा मिनिटांत काटायचा. होकायंत्राच्या सोळा दिशा सांगायच्या. बचत बँकेत निदान सहा पेन्स असायला हवेत. नाही तर ‘किम्स गेम’. चोवीस बारीकसारीक वस्तू एक मिनिट बघायच्या, झाकायच्या आणि त्यातल्या सोळा आठवून सांगायच्या. हा खेळ आपल्या शाळेतही ताटावर रुमाल टाकून खेळला जायचा. खोडरबर, चिंचोका, सेफ्टी पिन, बटण, खडू. त्याचं नाव आलंय किपलिंगच्या 1901 मधल्या ‘किम’ या कादंबरीवरून. तिच्यात सिमल्याच्या एका दुकानात लाहोरच्या पोराला मौल्यवान खडे दाखवून असंच शिकवतात. म्हणजे हा खेळ इंग्रजी पुस्तकातून आपल्याकडे आला, पण त्या पुस्तकाने तो उचलला होता हिंदुस्थानात घडणाऱ्या गोष्टीतून.

‘शिस्त पाळा’, ‘निसर्गावर प्रेम करा’ असं सांगणारी पुस्तकं तेव्हाही खूप होती. ‘दोन काड्यांत पेटव’ असं सांगणाऱ्या पुस्तकाला मात्र मुलांनी लगेच उत्तर दिलं. पुस्तिका बाहेर पडताच गावोगावच्या पोरांनी स्वतःच संघ काढले आणि मग मोठ्या माणसाला शोधायला निघाले, की आमचे मास्तर व्हा. बेडन-पॉवेल यांचा अंदाज असा होता की आधीपासून असलेल्या संघटना आपल्या कार्यक्रमात हे पुस्तक वापरतील. त्याऐवजी एक वेगळी चळवळच उभी राहिली आणि लेखकाला तिच्यामागे धावावं लागलं.

त्यात न बोलावलेले पाहुणेही आले. 4 सप्टेंबर 1909 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउटांचा पहिला मोठा मेळावा झाला. अकरा हजारांच्या आसपास मुलगे जमले होते. त्यांत काही मुलीही येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर हॅट, हातात काठी, अंगावर स्वतःच जमवलेला गणवेश. पुस्तकाच्या नावातच ‘फॉर बॉइज’ होतं, पण या मुलींनी ते वाचलं होतं, आपले संघ काढले होते आणि त्या स्वतःला ‘गर्ल स्काउट’ म्हणवत होत्या. मुलींनी रानोमाळ भटकायचं म्हणजे काय, अशी टीका वर्तमानपत्रांतून झाली. अखेर 1910 मध्ये मुलींसाठी वेगळी संघटना निघाली आणि तिची धुरा बेडन-पॉवेल यांनी आपली बहीण अ‍ॅग्नेस हिच्याकडे दिली.

नावही वेगळं ठेवलं, ‘गाइड’. हे नाव आलं आपल्याच उपखंडातून. वायव्य सरहद्दीवर 1846 मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीवरून ते घेतलं. वर्गात आपण ‘गाइड’ म्हणजे नवनीत समजायचो. त्या शब्दामागे सरहद्दीवरचे घोडेस्वार आहेत, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

1912 मध्ये मुलींसाठी स्वतंत्र पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ होता, ‘साम्राज्य उभारायला मुली कशी मदत करू शकतील’. त्यात तंबू, माग, गाठी होत्याच, पण रुग्णसेवा, बाळाची काळजी आणि घरकाम यांची भर होती. बाहेर जायचंय ना, मग परत येऊन घर नीट सांभाळशील हे आधी कबूल कर, असा तो सौदा. मुलींनी सौदा मान्य केला आणि बाहेर पडल्या. त्या नुसत्या ऐकून घेणाऱ्याही नव्हत्या. 1914 मध्ये लहान मुलींसाठी गट निघाला आणि त्याला ‘रोझबड’, म्हणजे गुलाबकळी, असं गोड नाव दिलं. मुलींना ते आवडलं नाही. वर्षभरात ते बदलून ‘ब्राउनी’ करावं लागलं. आपल्याकडे त्या जागी शेवटी ‘बुलबुल’ आली. मुलग्यांच्या ‘कब’चं पुस्तक निघालं 1916 मध्ये, तेही मोगलीच्या गोष्टीवर रचलेलं. मोगलीचं जंगल सिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरहून फार लांब नाही.

आता भारताकडे येऊ. 1909 मध्ये बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी पहिलं स्काउट पथक काढलं. 1911 मध्ये जबलपूरला पहिल्या गाइड्स दिसल्या. दोन्ही ठिकाणी प्रवेश युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांनाच. हिंदी मुलांना माग काढणं, खुणांनी निरोप देणं शिकवलं तर उद्या ती क्रांतिकारकांना जाऊन मिळतील, अशी धास्ती सरकारी वर्तुळात होती. बंगालच्या फाळणीनंतरचे दिवस होते ते. ‘चांगला नागरिक’ घडवण्याचं पुस्तक, पण ज्यांना नागरिक मानायचं नव्हतं त्यांच्यासाठी ते बंद.

इथेही मुलींनी केलं तेच झालं. परवानगीची वाट न पाहता लोकांनी आपापली पथकं काढली. शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयी यांनी सुरुवात केली. मध्य प्रांतात विवियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी हे काम हाती घेतलं. हेच बोस पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि नंतर सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1916 मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साथीने ‘इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन’ काढली. पद्धत तीच, पण डोक्यावर हॅटऐवजी पागोटं आणि गाणी आपली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीच्या नावाने स्काउट संघटना उभी केली. यात्रेच्या गर्दीत हरवलेली माणसं शोधणं, आजाऱ्यांना पाणी देणं, ही तिची कामं. माग काढण्याची विद्या साम्राज्याच्या शत्रूऐवजी मेळ्यात हरवलेल्या म्हातारीसाठी वापरली गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ प्रोग्रॅम तोच, पण आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतलेला.

1921 मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले. दार उघडलं, बऱ्याच संघटना एकत्र झाल्या, सेवा समिती मात्र बाहेर राहिली. पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. 1937 मध्ये ते पुन्हा भारतात येऊन गेले आणि त्यानंतर त्यांनी भारतीयांच्या चारित्र्याबद्दल हेटाळणीचे उद्गार काढले. ज्याच्या पुस्तकाने आपल्या मुलांना स्वाभिमान शिकवायचा, त्यानेच असं म्हणावं! देशभर संताप झाला. अनेकजण संघटनेतून बाहेर पडले आणि 1938 मध्ये ‘हिंदुस्थान स्काउट असोसिएशन’ उभी राहिली.

या टप्प्यावर आपल्या लोकांनी ते पुस्तकच फेकून दिलं असतं, तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी ते फेकलं नाही. त्यांनी लेखकाला बाजूला ठेवलं आणि शेकोटी, गाठी, संघ, सेवा स्वतःकडे ठेवली. कारण तोपर्यंत ती त्याची राहिलीच नव्हती. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटनांना एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले. त्यांत शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांचा मोठा वाटा होता. 7 नोव्हेंबर 1950 ला ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ स्थापन झाली. 15 ऑगस्ट 1951 ला गर्ल गाइड्सची अखिल भारतीय संघटनाही तिच्यात सामील झाली. इंग्लंडमध्ये ज्यांना वेगळं काढलं होतं ते मुलगे आणि मुली आपल्याकडे एका संघटनेत आले. मराठीत त्यांना बालवीर आणि वीरबाला ही नावं मिळाली.

आणि 16 ऑक्टोबर 1966 ला पुण्यात ‘संगम’ सुरू झालं. जगभरच्या गाइड्सची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत त्यांतलं हे एक, आळंदी रस्त्यावर. क्रिस्टल पॅलेसमध्ये न बोलावता उभ्या राहिलेल्या मुलींचं एक हक्काचं घर पुण्यात असावं, याचा मला पुणेकर नसूनही अभिमान वाटतो.

हे सगळं आपल्या पुस्तिकेच्या कामाचं आहे, असं मला वाटतं. तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात मांडते.

पुस्तिका मुलांशी बोलणारी असावी, शिक्षकांशी किंवा पालकांशी नाही. ‘विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे’ हे वाक्य तिच्यात एकदाही नको. प्रत्येक उपक्रमाची कसोटी अशी असावी की सातवीतल्या मुलीला कोणाला न विचारता कळेल, जमलं की नाही. मैदानाची लांबी पावलांनी मोज, मग टेपने मोज, आणि फरक एका मीटरच्या आत आण. दुपारी बाराच्या आसपास काठीच्या सावलीवरून उत्तर दिशा शोध. शाळेच्या आवारातली दहा झाडं पानांवरून ओळख. किम्स गेमच्या ताटात आपल्या गावातल्या वस्तू असाव्यात.

संघ सहा ते आठ जणांचा असावा आणि नायक त्यांच्यातलाच. ब्राउनसीप्रमाणे मिश्र असावा. बसने येणारी आणि चालत येणारी, इंग्रजी विभागातली आणि मराठीतली, ‘अ’ तुकडीतली आणि ‘ड’ तुकडीतली मुलं एकत्र. मुलींसाठी वेगळं प्रकरण नको. सातवीनंतर मैदानावरच्या मुली कमी होत जातात, हे आपण आपल्याच वर्गात पाहिलं आहे. त्यांना कोणी ‘येऊ नको’ म्हणालं नव्हतं. फक्त कोणी ‘ये’ म्हणालं नव्हतं. पुस्तिकेने ते म्हणावं. व्हीलचेअरवरच्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलाला प्रत्येक उपक्रमात काय करता येईल, हेही त्याच पानावर लिहावं, शेवटच्या परिशिष्टात नको.

छापण्याआधी कच्च्या प्रती वीस मुलांच्या हाती द्याव्यात आणि आपण बाजूला उभं राहावं. यासाठी सरांची आणि बाईंची मदत लागेल. कुठे मुलं पान उलटून पुढे जातात, ते त्यांना आपल्यापेक्षा आधी कळेल.

आणि शेवटी दहा-बारा पानं कोरी ठेवावीत. ज्या मुलांचा आपण विचारच केला नाही, ती कोण असतील हे आज आपल्याला माहीत नाही. बेडन-पॉवेल यांनाही माहीत नव्हतं. ती येतील तेव्हा त्यांना लिहायला जागा हवी.